एका वेळी एकच कुटुंब

प्रेरणानं आपल्या धंद्याची कल्पना घरात पहिल्यांदा सांगितली, तेव्हा सरूबाई तांदूळ निवडत बसली होती. लेकीचं सगळं म्हणणं तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं, सुपातला एक खडा बाजूला टाकला आणि म्हणाली, "म्हंजे म्हस दुसऱ्याची, गोठाबी दुसऱ्याचा, आनि दूध तेवढं आपुन इकायचं."

"म्हशीचं भाडं आपण देणारच ना मालकाला, आई."

"आनि म्हस आटली तर?"

"तरी भाडं द्यायचं."

"मंग ह्यो धंदा म्हशीचा झाला, तुजा कसला?"

जानू भिंतीला टेकून बसला होता. तो हसला, पण लेकीचा चेहरा बघून हसू आवरलं. सगळी नोकरी घोरावाडी स्टेशनला उतरून तळेगावच्या कारखान्यात पाळ्या करण्यात गेलेला माणूस तो, धंदा म्हणून कधी लिंबूसुद्धा विकलं नव्हतं. पण पोरगी काय म्हणते ते त्याला समजत होतं. लोणावळ्याच्या एका हॉटेलात ती काउंटरवर होती. शनिवारी घाट चढून येणाऱ्या कुटुंबांना हॉटेलची खोली नको असते, घर हवं असतं, हे तिनं तिथं उभं राहून पाहिलं होतं. सगळ्यांना एकदम जेवता येईल असं टेबल हवं, पोरांना अंगण हवं, म्हाताऱ्या माणसाला सकाळी आपल्या हातानं चहा करता यायला हवा. आणि लोणावळ्यात तर गल्लोगल्ली बंद बंगले. असा एखादा बंगला अकरा महिन्यांच्या करारानं घ्यायचा, झाडूनपुसून नीट करायचा आणि रोजाच्या भाड्यानं द्यायचा. बस, एवढंच.

एवढंच, पण तेवढंच जमेना. एकेका सोसायटीच्या फाटकावर पाटी होती, 'बंगले दैनंदिन भाड्याने देण्यास सक्त मनाई'. त्या पाट्या उगीच लागल्या नव्हत्या. जुन्या हायवेवर गाड्यांना हात दाखवत 'बंगला, बंगला' ओरडणाऱ्या पोरांनी कुणालाही कुठंही नेऊन सोडलं होतं. डिकीतले स्पीकर पहाटेपर्यंत वाजले होते, शेजाऱ्यांच्या मोगऱ्यात बाटल्या सापडल्या होत्या. त्यामुळे सोसायट्या कुणाचं ऐकून घ्यायला तयार नव्हत्या.

बंगल्यांच्या मालकांचं निराळंच. फोनवर ते गोड बोलायचे. भेटल्यावर आडनाव विचारायचे, मग गाव. बेडसे म्हटलं की म्हणायचे, "वा, लेण्यांचं गाव!" आणि थोडं थांबून, "गावात कुठं राहता?" मग मुलाला विचारून सांगतो, म्हणायचे. त्यांचे फोन यायचे नाहीत. जानूनं यातलं काही बोलून दाखवलं नाही. पोरगी खचू नये, एवढीच त्याची धडपड. पण एकदा परतीच्या वाटेवर तीच म्हणाली, "आबा, ते गाव विचारेपर्यंत हो म्हणत होते."

"व्हय," जानू म्हणाला. "दिसलं मला."

पुण्याच्या अतुल साहेबांनी मात्र काहीच विचारलं नाही. "घर बंद राहून खराब होतंय. घ्या," एवढंच ते फोनवर म्हणाले. वडगावला येऊन त्यांनी सह्या केल्या. पोटभाड्यानं द्यायला हरकत नाही, हे कलमही न वाचता मान्य केलं, आणि किल्ल्यांचा जुडगा प्रेरणाच्या हातात ठेवला. "सर, एवढं आलाच आहात तर लोणावळ्यापर्यंत चला ना, घर दाखवा," ती म्हणाली. ते म्हणाले, "किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधल्यात. सापडेल सगळं." आणि गाडी वळवून पुण्याला गेले.

त्याचं कारण पुढं सोसायटीचा वॉचमन गोरख यानं जानूला सांगितलं. साहेबांच्या पत्नी मानसीताई गेल्याच्या आदल्या वर्षी वारल्या. घर त्यांच्या हौसेचं. तेव्हापासून साहेबांनी फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं.

सोसायटीचे सचिव महिपतराव बँकेतून निवृत्त झालेले. कडक माणूस. अतुलचं घर आहे म्हणून त्यांनी तीन महिने बघायचं कबूल केलं, पण प्रेरणाला समोर उभं करून अटी ऐकवल्या. "एका वेळी एकच कुटुंब. कुटुंब म्हणजे कुटुंब, टोळकं नव्हे. गाड्या आवाराच्या आत, रस्त्यावर नाही. गाणीबिणी नाहीत. आणि तुमच्या घरातला जबाबदार माणूस चोवीस तास इथं हजर पाहिजे. पहिली चूक झाली की कुलूप लागेल. दुसरी संधी नाही."

"माझे आबा राहतील इथं," प्रेरणानं आबांना न विचारताच सांगून टाकलं.

बेडशाचा भात झोडून घरात आला होता, मागचं बघायला भाऊ होता. जानू आणि सरूबाई बंगल्यामागच्या खोलीत राहायला आले. प्रेरणानं हॉटेलात राजीनामा दिला. मॅनेजर हसत म्हणाला होता, "तुझी जागा धरून ठेवू का? महिनाभरानं लागेलच." हे तिनं घरी सांगितलं तेव्हा तीही हसत होती, पण त्या दिवशी ती जेवली नाही, हे जानूनं पाहिलं होतं.

मग पहिलं बुकिंग आलं. ठाण्याचं कुटुंब, सोबत आजी, शनिवारी दुपारी दोनला येणार. प्रेरणानं आदल्या दिवसापासून घर घासून काढलं, चादरी इस्त्री केल्या, पलंग फिरवले. शनिवारी सकाळच्या लोकलनं ती वडगावला गेली. तिथल्या बचत गटाच्या बायकांकडं तिनं गोधड्या शिवायला टाकल्या होत्या, त्या आणायच्या होत्या.

ती गेली आणि थोड्या वेळानं फाटकाबाहेर एक गाडी थांबली. चष्मा लावलेला, दाढी वाढलेला एक माणूस उतरला आणि फाटकाच्या गजांना धरून आत बघत उभा राहिला. जानू लगबगीनं गेला.

"साहेब, आज भरलंय घर. दुसरीकडं बघा."

"मी अतुल," तो माणूस म्हणाला.

जानूला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. घरच्या मालकाला घर भरलंय म्हणून सांगितलं! "माफ करा साहेब, मी जानू, पोरीचा बाप. कदी बगितलं न्हवतं तुमाला," असं म्हणत त्यानं फाटक सताड उघडलं.

"दहा मिनिटं बसतो आणि जातो. प्रेरणा आहे का?"

"वडगावला गेलीया. येईल आता."

साहेब व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसले नाहीत, पायरीवर बसले. जानू खाली अंगणात उभा राहिला. साहेबांनी बुटांवरची धूळ झटकली. मग म्हणाले, "जानूभाऊ, रागावू नका. मला वाटतं मी चूक केली. हे घर द्यायला नको होतं मी. करार आपण मोडू या. तुमचं नुकसान होईल ते मी भरून देतो. फोनवर बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून आलो."

माणूस वाईट नव्हता, हेच अवघड होतं. वाईट असता तर भांडता आलं असतं.

"पोरीशी बोला," तो शेवटी म्हणाला. "च्या घेनार?"

चहा आला. सरूबाईनं दारातूनच विचारलं, "सकाळपास्नं काय खाल्लंय का?"

"भूक नाहीये, मावशी."

"मी भुकंचं न्हाई इचारलं. खाल्लंय का, ते इचारलं."

मग पिठलं आलं, तव्यावरून काढलेली भाकरी आली, कांदा आला. साहेबांनी भाकरी संपवली आणि सरूबाईनं आणखी अर्धी टाकली तीही निमूट खाल्ली. हात धुऊन ते म्हणाले, "घर बघू का जरा?"

"तुमचंच हाय की."

जानू चपला काढून त्यांच्या मागोमाग आत गेला. साहेब बैठकीत थांबले नाहीत, स्वयंपाकघराकडं त्यांनी पाहिलं नाही. थेट पुढच्या झोपायच्या खोलीत गेले आणि दारातच उभे राहिले.

"पलंग इकडे कुणी फिरवला?"

"पोरीनं. झोपल्या जागंवरनं डोंगर दिसतो म्हनाली. पयल्यासारका करू का?"

"मानसी पण हेच म्हणायची. डोंगराकडे पाय करू या. मी म्हणायचो, दार अडेल." साहेबांनी दाराला हात घातला आणि ते हळूहळू लोटलं. दार पलंगाच्या कडेपर्यंत आलं आणि बोटभर अंतरावरून अलगद निघून गेलं. त्यांनी ते पुन्हा उघडलं, पुन्हा लोटलं.

"नाही अडत," ते म्हणाले.

जानूला तिथं उभं राहणं बरं वाटेना. तो बाहेर आला. थोड्या वेळानं आत डोकावला, तर साहेब पलंगावर आडवे झालेले. पाय मात्र कडेला अधांतरी सोडलेले, बुटांनी चादर मळू नये म्हणून. तोंड थोडं उघडं. गाढ झोपले होते.

प्रेरणाचा फोन आला. "आबा, लोकल लेट आहे. सगळं ठीक ना?"

"साहेब आल्यात. मालक."

"अतुल सर? कशाला?"

"तुला भेटाया. झोपल्यात."

"झोपलेत म्हणजे? कुठं?"

"पुडच्या खोलीत."

"आबा, ती खोली आजींसाठी लावलीय मी. लोक दोनला येणारेत. त्यांना उठवा. गोड बोलून उठवा."

"बगतो," जानू म्हणाला.

आणि त्यानं खरोखरच बघितलं. दाराशी जाऊन तो खाकरला. बाहेर येऊन त्यानं व्हरांडा झाडला, आधीच झाडलेला, आणि झाडू भिंतीवर आपटला. मग खिडकीखाली उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "सायबांची गाडी उनात हाय जनू." खिडकीतून काही उत्तर आलं नाही. सरूबाई चुलीपाशी बसून हे सगळं बघत होती.

"तुमी कुनाला उटवताय?" ती म्हणाली. "त्या मानसाला का त्या गाडीला?"

"तू जा मंग."

"मी कशाला? माज्या सासऱ्याची आन हाय."

तिचा सासरा, म्हणजे जानूचा बाप हौशीराम. तरुणपणी गावकीची कामं करत वाड्यावस्त्या हिंडलेला. कुणाच्या ओट्याच्या कडेला टेकला की आतून आवाज यायचा, "ऊठ रे तिथनं." बाजारात उठवलं, चावडीवर उठवलं, एकदा तापानं फणफणलेला असताना झाडाच्या सावलीतनं उठवलं. धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यानं बेडशात दोन खणांचं घर बांधलं आणि घरभरणीच्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, "आपल्या घरात टेकलेल्या मानसाला कुनी उटवायचं न्हाई. त्यो आपुन उटंल तवा उटंल." ते घरात कायमचं झालं. पाहुण्याला कधी निघणार, हा प्रश्नसुद्धा त्या घरात कुणी कधी विचारला नाही. एक लांबचा मेव्हणा त्यापायी अख्खा पावसाळा राहून गेला होता.

प्रेरणा रिक्षातून उतरली तेव्हा दोन्ही काखांत गोधड्यांची गाठोडी होती. तिनं आधी खोलीत डोकावून पाहिलं, मग आबांना हाताला धरून मागच्या अंगणात नेलं.

"उठवलं नाहीत तुम्ही."

"न्हाई."

"आबा, लोक घाट चढलेत. अर्ध्या तासात येतील."

"तुला आनि एक सांगायचंय," जानू म्हणाला, आणि साहेब कशासाठी आलेत ते सांगितलं.

प्रेरणा गाठोड्यावरच बसली. "म्हणजे उठवलं तर करार मोडणार. नाही उठवलं तर लोक परत जाणार, वर महिपतराव काका कुलूप लावणार. छान." तिनं मान वर केली. "तुम्ही करारासाठी गप्प बसलात का? ते खूश होतील म्हणून?"

"न्हाई गं. तसलं काय न्हाई."

"मग आजोबांचा नियम? तो घरी, आबा! आपल्या घरी! हे घर नाही, हा धंदा आहे. उद्यापासून रोज सकाळी लोकांना सांगावं लागणारे, वेळ झाली, निघा. आजोबांना लोकांनी उठवलं, म्हणून मी माझा धंदा बुडवायचा?"

पोरीचं चुकत नव्हतं. आपण तिच्या वाटेत आडवे पडलोय, असंच त्याला वाटत होतं. हॉटेलच्या त्या काउंटरमागं पुन्हा उभी राहिलेली ती त्याला दिसली, आणि हसणारा मॅनेजर दिसला. "तू उटव," तो म्हणाला. "तुज्या धंद्याची गोष्ट हाय. मी आडवनार न्हाई. मला मातुर सांगू नगंस."

ती ताडकन उठली आणि घरात गेली. जानू बाहेर कान देऊन उभा राहिला. दार वाजल्याचा आवाज आला नाही, हाक आली नाही. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली.

"त्यांनी बूट काढले नाहीत," ती म्हणाली. "पाय सुन्न झाले असतील. खाली स्टूल ठेवलं मी." आणि आबांकडं न बघता पुढं म्हणाली, "काही बोलू नका."

तेवढ्यात ठाण्याच्या दोन गाड्या आल्या. साहेबांची गाडी फाटकातच उभी असल्यानं त्या दोन्ही रस्त्यावरच राहिल्या. पोरं उतरली, बॅगा उतरल्या, काठी टेकत आजी उतरल्या. प्रेरणा हात जोडून सांगू लागली की थोडा वेळ, अगदी थोडा वेळ. आजींचा मुलगा घड्याळाकडं बघत म्हणाला, "मॅडम, दोनचं चेक-इन लिहिलंय तुम्ही. आत आधीच कुणीतरी आहे का?"

आणि हे एवढं ऐकायला महिपतराव नेमके समोरच्या आपल्या फाटकात आले होते. रस्त्यावरच्या गाड्या त्यांनी पाहिल्या, बॅगा पाहिल्या. हातात फोन होता, तो त्यांनी फोटोसाठी उचलला.

"पहिल्याच दिवशी?" ते म्हणाले. "दोन दोन कुटुंबं? तरी मी समितीत म्हणत होतो."

तेव्हा जानू पुढं झाला. "आत पावनं न्हाईत, महिपतराव. अतुल साहेब हायत."

महिपतरावांचा फोन खाली आला. "अतुल? इथं आलाय?"

"सकाळी आले. जेवले, आनि झोपले. आमी उटवलं न्हाई. चूक आमची हाय."

"जेवला?"

"दीड भाकर खाल्ली."

महिपतरावांनी बंगल्याच्या बंद खिडकीकडं पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "मला फोनवर म्हणाला होता, झोप लागत नाही म्हणून. गोळ्या घेऊनही." मग आजींच्या मुलाकडं वळून म्हणाले, "तुम्ही सगळे माझ्याकडे चला. चहा घेऊ."

"अहो, पण आमचं चेक-इन..."

"चहाला चेक-इन लागत नाही. या आजी, पायरी सांभाळा. आणि पोरांनो, इथं ओरडायचं नाही. पलीकडे माझ्या अंगणात हवं तेवढं ओरडा."

रोजाच्या पाहुण्यांविरुद्ध समितीत ठराव मांडणारा माणूस रोजाच्या पाहुण्यांची बॅग उचलून स्वतःच्या घरात घेऊन गेला. गोरख वॉचमन तोंड उघडं टाकून बघत राहिला. आजींचा मुलगा जाता जाता कुरकुरलाच, की अर्धा दिवस गेला, त्याचं काय. प्रेरणानं तिथल्या तिथं भाड्यात सूट कबूल केली. सरूबाईनं भज्यांचं पीठ भिजवलं आणि पहिला घाणा समोर पाठवून दिला.

ऊन व्हरांड्यातून उतरून अंगणात गेलं तेव्हा साहेब बाहेर आले. चष्मा हातात, गालावर उशीच्या शिवणीची रेघ. लंगडत होते, पाय जागे व्हायचे होते.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं, आणि रस्त्यावरच्या गाड्या दिसताच त्यांचा चेहरा पडला. "तुमचे लोक आलेत? अहो, मग उठवलं का नाही मला?"

"आबांना विचारा," प्रेरणा म्हणाली.

"आमच्यात टेकलेल्या मानसाला उटवत न्हाईत, साहेब," जानू म्हणाला. बापाचं नाव त्यानं सांगितलं नाही.

"आणि ते लोक कुठं आहेत?"

"महिपतरावांकडं. भजी खात्यात."

"महिपती? भाड्याच्या पाहुण्यांना?" साहेबांच्या तोंडून हसूच फुटलं. ते हसू त्यांना सवयीचं नसावं, कारण लगेच ठसका लागला आणि सरूबाई पाणी घेऊन धावली.

पाणी पिऊन ते आत गेले. प्रेरणा नवी चादर घेऊन त्यांच्या मागोमाग. जानू दाराशी थांबला. साहेबांनी स्वतःच चुरगळलेली चादर ओढून काढली आणि नव्या चादरीची दोन टोकं धरून पलीकडं उभे राहिले. दोघांनी मिळून ती ताणली. साहेबांना कोपरा दुमडता येईना. प्रेरणानं इकडून दाखवलं, "आधी खाली दाबा, मग त्रिकोण करून आत." त्यांनी दाबलं, जमलं नाही, पुन्हा दाबलं.

"सर," ती मान वर न करता म्हणाली. "करार मोडायचाय ना? आज ह्या लोकांना राहू द्या. सोमवारी वडगावला येते मी."

जानूनं चौकट घट्ट धरली. साहेब अजून कोपऱ्याशी झटत होते. तो नीट बसला तेव्हा त्यांनी त्यावरून तळहात फिरवला.

"पलंग असाच राहू दे," ते म्हणाले. "डोंगराकडे."

"म्हणजे?"

"म्हणजे सोमवारी येऊ नकोस." त्यांनी चष्मा पुसून लावला. "मला कधी यावंसं वाटलं तर?"

प्रेरणा उशी झटकत म्हणाली, "मंगळवार, बुधवार रिकामे असतात. शनिवार नाही मिळणार, सर."

"शनिवार नको," साहेब म्हणाले. "उशीचा अभ्रा कुठंय?"

जानू मागं वळला. पलीकडच्या फाटकातून आजी काठी टेकत, महिपतरावांचा हात धरून रस्ता ओलांडत होत्या, आणि महिपतराव त्यांना सोसायटीचं पाणी कधी येतं ते समजावून सांगत होते. जानूनं साहेबांची गाडी बाजूला घ्यायला गोरखला हाक मारली आणि आजींच्या बॅगा आणायला तो स्वतः पुढं निघाला.